नाशिकरोडची भिंत आणि बाबाशाही रुपया

आमच्या घरी पणजोबांची एक सागवानी पेटी आहे. पणजोबा पादऱ्याच्या वहिवाटदार कचेरीत कारकून होते. पेटीत मोडी लिपीतील काही कागद, घरच्या जमाखर्चाची एक जीर्ण वही आणि चिंधीत बांधलेला एक चांदीचा रुपया, एवढाच ऐवज आता उरला आहे. रुपयाच्या एका बाजूस तिसरे सयाजीराव महाराज यांची मुद्रा आणि भोवती देवनागरी अक्षरांत त्यांचे नाव. दुसऱ्या बाजूस ‘एक रुपया’ हे शब्द, संवताचा आकडा आणि तलवार. मागील वर्षी नववीच्या वर्गात संस्थानांचा पाठ शिकविताना आम्ही हे नाणे मुलांच्या हाती फिरविले. मागच्या बाकावरील एका मुलाने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “साहेब, आपणा राजाए पोतानो रुपियो बंध केम कर्यो?” आपल्या राजाने स्वतःचा रुपया का बंद केला? आम्ही काही तरी उत्तर दिले. घंटा झाली. परंतु उत्तर आमचे आम्हांसच पटले नव्हते. त्याच प्रश्नाचा माग काढीत आम्ही पुढे दिवाळीच्या सुटीत नाशिकरोडपर्यंत गेलो. त्याचा हा वृत्तान्त आहे.

ज्या वाचकांस पादरा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे भूगोलाचे सांगणे अवश्य आहे. बडोद्याच्या नैर्ऋत्येस सुमारे पंधरा किलोमीटरांवर हे तालुक्याचे गाव आहे. भाजीपाल्याच्या बाजाराबद्दल त्याची आसपास ख्याती आहे. विश्वामित्रीहून निघणारी अरुंद रुळांची गायकवाडी रेल्वे १८९७ साली येथवर आली. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. पादरा गायकवाडी मुलखात होते आणि त्याच्या शेजारचे जंबुसर इंग्रजी मुलखात, म्हणजे भरूच जिल्ह्यात. शिवेच्या अलीकडे एक रुपया चाले, पलीकडे दुसरा. अलीकडच्यास बाबाशाही म्हणत आणि पलीकडच्यास कलदार. शेतकऱ्याचा कापूस शिव ओलांडून भरूचकडे जाई, त्याचे दाम कलदारांत येत. सरकारी सारा मात्र बाबाशाहीत भरावयाचा. पणजोबांच्या वहीत म्हणूनच दोन रकाने आहेत, आणि त्या दोहोंमध्ये एक तिसरा, बारीक अक्षरांचा रकाना आहे. त्याचे नाव बट्टा.

हा बट्टा म्हणजे दोन नाण्यांच्या किमतींतील फरक. कलदार नेहमीच वरचढ असे. परंतु किती वरचढ, हे महिन्यागणिक बदले आणि ते सराफ सांगे. बडोद्यात हरिभक्ती, गोपाळराव मैराळ अशा मोठ्या पेढ्या होत्या. कोणे एके काळी गायकवाड सरकारची फौजसुद्धा या पेढ्यांच्या कर्जावर चाले. तालुक्याच्या गावी त्यांच्या मानाने लहान सराफ असत. पण शंभर रुपये बदलणाऱ्या कुणब्यास सराफ लहान की मोठा याने काय फरक पडणार?

संस्थानी नाण्यांवर खरे संकट आले ते १८९३ साली, आणि तेही बडोद्याच्या कोणत्याही दोषामुळे नव्हे. तोपर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. जगात चांदी स्वस्त होऊ लागली तेव्हा रुपयाही तिच्याबरोबर घसरू लागला. त्या वर्षी इंग्रज सरकारने ही मुभा काढून घेतली. मग चांदी उतरतच राहिली, पण कलदारांची आवक सरकारच्या मुठीत आल्यामुळे कलदार सावरला; १८९९ मध्ये पंधरा रुपयांस एक पौंड असा त्याचा भाव पक्का करण्यात आला. संस्थानांचे रुपये मात्र आपल्या अंगच्या चांदीबरोबर खाली जात राहिले. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली हिंदुस्थानच्या चलनावर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने रुपयास चांदीवर छापलेल्या नोटेची उपमा दिली आहे. उपमा मार्मिक आहे. १८९३ नंतर कलदाराची किंमत चांदीची राहिली नाही, ती सरकारच्या शब्दाची झाली. बाबाशाहीत चांदी होती. तिच्यामागे उभा राहील असा, शिवेपलीकडे चालणारा शब्द नव्हता.

या घसरणीत नुकसान कोणाचे झाले? आपण चटकन ‘रयतेचे’ असे म्हणून मोकळे होतो, आणि वर्गात आम्हीही तेच म्हटले होते. वही पुन्हा चाळल्यावर आमची खात्री डळमळली. कापूस कलदारांत विकून सारा बाबाशाहीत भरणाऱ्या शेतकऱ्यास बाबाशाहीची घसरण काही अंशी पथ्यावरच पडली असली पाहिजे. खरा मार बसला तो बाबाशाहीत पगार घेऊन मुंबईकडून आलेले कापड, रॉकेल आणि शाळेची पुस्तके विकत घेणाऱ्यांस, म्हणजे कारकुनांस आणि शिक्षकांस. आमचे पणजोबा बट्ट्याविरुद्ध घरात फार बोलत, असे आम्ही आजोबांकडून ऐकले आहे. त्यांचे मत निःपक्षपाती नव्हते, हे आता कबूल करावयास हरकत नसावी. सराफाची दलाली मात्र दोघांनाही चुकत नव्हती.

पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ हे त्याचे वर्ष, म्हणून गुजरातेत त्यास आजही ‘छप्पनियो’ म्हणतात. गुरे गेली, माणसे गेली, सारा थकला, आणि धान्य बाहेरून आणावयाचे तर ते कलदारांतच मिळणार. त्यानंतर लगेच, १९०१ साली, बडोदे सरकारने बाबाशाही बंद करून इंग्रजी चलन स्वीकारले. ज्या महाराजांनी अमरेलीत १८९३ साली सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्यास लागू केला, ज्यांच्या प्रेरणेने १९०८ मध्ये बँक ऑफ बरोडा उभी राहिली, त्यांनी आपल्या नावाचे आणि मुद्रेचे नाणे आपल्या हाताने आवरते घेतले. स्वाभिमानी राजास हे सोपे गेले नसणार. आमचे मत असे की निर्णय योग्य होता. पण त्याची किंमत होती. पादऱ्याच्या बाजारातून देवनागरीतला राजाचा रुपया गेला, आणि येथील पैसा कोठे आणि कोणाच्या हुकमाने तयार होतो याचा पादऱ्याशी संबंध उरला नाही.

मग तो कोठे तयार होत होता? चांदीचा मुंबईच्या टांकसाळीत; कागदाचा तर त्याहून फार दूर. पहिले वित्तमंत्री जेम्स विल्सन यांनी सरकारी नोटांची योजना आखली. १८६० मध्ये कलकत्त्यास त्यांचे निधन झाले आणि कायदा झाला तो १८६१ साली. पुढे सहा दशकांहून अधिक काळ या नोटा लंडनमध्ये, बँक ऑफ इंग्लंडच्या छापखान्यात छापून जहाजाने येत. त्या एकाच बाजूस छापलेल्या असत. देशाचे विभाग पाडलेले होते आणि नोट आपापल्या विभागात हक्काने वटे. मुंबई विभागाची नोट कलकत्त्यास चालेलच याची हमी नव्हती. नोटेवरील देशी भाषाही विभागाप्रमाणे बदलत. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू लागली ती १९०३ मध्ये, आणि शंभराची १९११ मध्ये. टपालाने नोट पाठवावयाची झाल्यास व्यापारी तिचे दोन तुकडे करीत. एक तुकडा आधी धाडावयाचा, तो पोहोचल्याचे पत्र आले की दुसरा. पहिल्या महायुद्धात चांदी महागली तेव्हा १९१७ साली एक रुपयाची आणि १९१८ साली चक्क अडीच रुपयांची नोट निघाली. गणिताच्या शिक्षकांस ती फार आवडली असती.

त्याच महायुद्धानंतर सरकारच्या मनात आले की नोटा आणि टपालाची तिकिटे येथेच छापावीत. मुंबई टांकसाळीचे प्रमुख कर्नल विलिस आणि त्यांचे सहकारी ॲस्कोली यांनी योजनेचा अभ्यास केला, दिल्लीस प्रायोगिक छपाई झाली, आणि अखेर जागा ठरली नाशिकरोडची. मुंबई जवळ, रेल्वे दाराशी आणि हवा बारमाही समशीतोष्ण. कागद पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. एकाच ताव्यावर अनेक वेळा, केसाचाही फरक न पडता छापावयाचे तर हवेचा विचार आधी करावा लागतो. १९२५-२६ च्या सुमारास तिकिटांचा छापखाना सुरू झाला, १९२८ मध्ये नोटांचा. तेथे छापलेली पहिली नोट पाच रुपयांची होती. १९३२ पर्यंत सर्व किमतींच्या नोटा तेथेच छापल्या जाऊ लागल्या.

येथे आमची सहल सुरू होते. आमच्यासह तीन शिक्षक सापुताऱ्याच्या घाटाने बसने नाशिकास गेलो. नोटांचा छापखाना प्रतिबंधित क्षेत्र आहे, हे आम्हांस ठाऊक होते. परवानगीचा अर्ज आम्ही केलाच नव्हता. आम्ही भिंत पाहावयास गेलो होतो. सहकाऱ्यांनी यावर वाटेत यथेच्छ विनोद केले. इतक्या दूर जाऊन भिंत पाहणारा मुख्याध्यापक गुजरात राज्यात दुसरा नसेल, हा त्यांतला सौम्य होय.

भिंत उंच आहे, तिच्यावर तार आहे, फाटकाशी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान आहेत. रस्त्याचे नाव जेलरोड, कारण पुढे त्याच भागात मध्यवर्ती कारागृह आहे. एका भिंतीआडून माणसे बाहेर पडू नयेत याची काळजी, दुसरीआडून कागद बाहेर पडू नये याची. सायंकाळी पाळी सुटली तेव्हा कामगार बाहेर पडताना दिसले; हातात जेवणाचे डबे, चेहऱ्यावर इतर कोणत्याही कारखान्यातील माणसांसारखाच थकवा. नाशिकच्याच तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, याची आठवण आमच्या मराठीच्या शिक्षिकेने तेथे उभ्या उभ्या करून दिली. त्या पुस्तकातील घरात एकेका पैशाचा हिशोब कसा चाले, हे वाचकांस सांगावयास नको.

आत काय चालते हे पाहिले नसले तरी नोट कशी होते हे गुपित नाही. मुंबईस फोर्टात रिझर्व्ह बँकेचे चलनाचे संग्रहालय २००४ साली उघडले आहे, तेथे आम्ही पूर्वीच जाऊन आलो होतो. नोटेचा कागद लाकडाचा नसतो, कापसाचा असतो. त्यातील जलचिन्ह छापलेले नसते. लगदा ओला असतानाच कागदाची जाडी कोठे कमी कोठे अधिक करून ते घडविलेले असते, म्हणून ते उजेडासमोर धरल्यावरच दिसते. धागाही तेव्हाच आत बसतो. पूर्वी हा कागद इंग्लंडहून येई. १९६८ पासून तो नर्मदाकाठी होशंगाबादेस, म्हणजे आजच्या नर्मदापुरमास तयार होऊ लागला, आणि अलीकडे म्हैसुरासही होतो. आम्ही कापसाच्या मुलखातले आणि नर्मदेच्या खालच्या अंगाचे लोक. नोट परदेशी वस्तू आहे ही आमची लहानपणची समजूत या एका माहितीने गेली.

कागदावर प्रथम पार्श्वभूमीची फिकी नक्षी उमटते. मग मुख्य छपाई. तिच्यात धातूच्या पत्र्यावर चित्र कोरलेले असते, शाई कोरलेल्या खाचांत भरतात, वरची पुसून काढतात आणि कागद त्यावर इतक्या दाबाने आवळतात की तो खाचांत शिरून शाई उचलून आणतो. म्हणून नव्या नोटेवर बोट फिरविले असता अक्षरे उठलेली लागतात. अंधांसाठीच्या खुणाही याच रीतीने उठविलेल्या असतात. सर्वांत शेवटी क्रमांक. आणि प्रत्येक टप्प्यावर मोजणी. बिघडलेला तावही मोजून, नोंदवून, मगच नष्ट करावयाचा. बोर्डाच्या परीक्षेत पुरवणी उत्तरपत्रिकांचा हिशोब ज्यांनी दिला आहे त्या शिक्षकांस या शिस्तीची कल्पना सहज यावी. फाटलेली पुरवणीसुद्धा फाटलेली म्हणून परत द्यावी लागते. पूर्वी बिघडलेल्या नोटेच्या जागी त्याच क्रमांकाची दुसरी छापून ठेवीत. २००६ पासून लहान किमतींच्या नोटांत, आणि पुढे इतरांतही, अशा जागी क्रमांकात तारा असलेली नोट घालू लागले. तारा असलेली नोट खोटी असे समजून पादऱ्याचे काही भाजीविक्रेते ती नाकारीत. ती इतर नोटांइतकीच खरी आहे, हे शाळेत सांगावे लागले होते.

या भिंतीआडून जे बाहेर पडले त्यात इतिहासाच्या शिक्षकास एक गोष्ट विशेष खिळवून ठेवते. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानजवळ नोटांचा छापखाना नव्हता. १९४८ च्या एप्रिलपासून तेथे ज्या नोटा चालल्या त्या नाशिकात छापलेल्या होत्या. सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या भारतीय नोटांवरच इंग्रजीत पाकिस्तान सरकारचे नाव आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ ही अक्षरे घातलेली. त्या वर्षीच्या जूनअखेरपर्यंत रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची बँक होती. काश्मीरात लढाई चालू, आणि गोदावरीकाठी शेजाऱ्याच्या नावाने नोटा छापल्या जात आहेत! पुढे १९५९ मध्ये आखाती देशांत चालणाऱ्या रुपयासाठी आणि हजच्या यात्रेकरूंसाठी निराळ्या रंगांच्या व खुणांच्या नोटा निघाल्या. १९५० मध्ये राजाच्या चित्राच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आलेच होते. १९५३ च्या सुमारास हिंदीस नोटेवर ठळक स्थान मिळाले, तेव्हा रुपया या शब्दाचे हिंदी अनेकवचन कोणते यावर विद्वानांत खल झाला. व्याकरणाचा तास घेणाऱ्यांनी आपल्या कामास क्षुद्र मानू नये, एवढ्यासाठी हे नमूद केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पांडवलेण्यांवर गेलो. खरे तर हे केवळ पर्यटन व्हावयाचे होते. परंतु दहाव्या लेण्याच्या पडवीत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखांसमोर आम्ही दोन तास बसलो, आणि भिंतीने जे दाखविले नव्हते ते येथे उघड्यावर कोरलेले आढळले.

लेखाचे तात्पर्य असे. उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघास दिले आणि सोबत तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. ही ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीही परत करावयाचे नाही, व्याज मात्र खर्चावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. वाचकांनी गणित करून पाहावे: दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षास दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा हेही दोनशे चाळीसच. दीड-दोन हजार वर्षांनंतर हिशोब पैशाचाही फरक न ठेवता जुळतो. हे सारे नगरसभेत जाहीर करून दप्तरी नोंदविले, असेही लेखात आहे. आणखी एका दानाच्या संदर्भात सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णास पस्तीस कार्षापण, असा भावही कोरला आहे. पणजोबांच्या वहीतला मधला रकाना, पण सराफाच्या जिभेवर नव्हे, दगडात!

याच उषवदाताने भरुकच्छास, म्हणजे आमच्या शेजारच्या भरूचला, धर्मशाळा बांधल्याचा उल्लेख तेथील दुसऱ्या लेखात आहे. आणि ठेवीच्या लेखात ज्या गावची आठ हजार नारळाची झाडे त्याने दिली त्या गावाचे नाव चिखलपद्र. विद्वान ते दक्षिण गुजरातेत मानतात, तेव्हा आमच्या पादऱ्याशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरला. ‘पद्र’ म्हणजे गाव. बडोद्याचे जुने नाव वटपद्रक, आणि आमचे गाव तर नुसतेच ‘गाव’. पण नाशिकच्या डोंगरात तो शब्द वाचताना आमच्या सहकाऱ्यांनी आदल्या दिवशीचे विनोद मागे घेतले, हे सांगितले पाहिजे.

नहपानाच्या नाण्यांचे पुढे काय झाले हेही नाशिकजवळच सापडले आहे. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे ठोकलेली आहेत. चांदी तीच, वजन तेच. सत्ता बदलली म्हणून ठसा बदलला. जॉर्जच्या नोटेवर उमटलेली ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ ही अक्षरे आणि नहपानाच्या गालावर उमटलेली सातवाहनांची खूण, ही एकाच प्रकारची कृती आहे. बडोद्यात १९०१ साली मात्र असे झाले नाही. तेथे जित-जेत्यांचे युद्ध नव्हते, ठशावर ठसा पडला नाही. राजाने स्वतःच आपला ठसा उचलला.

परतीच्या बसमध्ये या गोष्टीवर बराच वाद झाला. गणिताच्या शिक्षकांचे म्हणणे असे की, पैसा म्हणजे शेवटी विणकरांच्या श्रेणीसारखी कोणी तरी हिशोब ठेवणारी माणसे. ठसा कोणाचा हे गौण. आम्ही तितके निश्चिंत नव्हतो. शब्दावर उभा असलेला पैसा शब्दाने मोडतोही. मोठ्या किमतीच्या नोटा १९४६ मध्ये आणि पुन्हा १९७८ मध्ये रद्द झाल्या, तेव्हा पादऱ्यात त्या फारशा कोणाजवळ नसाव्यात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा मात्र त्या प्रत्येकाच्या घरात होत्या. सकाळच्या भाजीबाजारात गाड्या आल्या आणि माल तसाच उभा राहिला. आमच्या शाळेतील शिपायाने मुलीच्या लग्नासाठी जमविलेले पैसे पाचशेच्या नोटांत होते. तो तीन दिवस रांगेत उभा होता, आणि त्याचे तास आम्ही सर्वांनी वाटून घेतले. नाशिकात आणि देवासात, तसेच म्हैसूर आणि सालबोनी येथे, रात्रंदिवस नव्या नोटा छापल्या जात होत्या. रद्द झालेल्या नोटांपैकी शेकडा ९९.३ परत आल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितले. शिपायाच्याही सर्व परत गेल्या आणि लग्न ठरल्या दिवशी झाले. पण ‘साहेब, नोट खोटी नव्हती ना?’ असे तो आम्हांस त्यानंतरही कित्येक दिवस विचारीत असे. बट्ट्याच्या काळात पैसे कमी होत; नाहीसे होत नसत. उषवदाताच्या लेखात मुद्दल परत न करण्याचे कलम आहे, ते रद्द करण्याचे नाही.

सुटीनंतर नववीच्या त्या मुलांस, आता ती दहावीत गेली होती, आम्ही पुन्हा नाणे दाखविले, आणि शेजारी एक रुपयाची कागदी नोट ठेवली. ही छपाई १९९४ मध्ये बंद पडली होती आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. इतर नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन असते. एक रुपयाच्या नोटेवर वचन नसते, सही वित्तसचिवांची असते, कारण ती भारत सरकारची स्वतःची आहे आणि कायद्याच्या दृष्टीने ती नाणेच धरली जाते. केन्सला चांदीवरील नोट दिसली होती. आम्ही मुलांस कागदावरील नाणे दाखविले. बाबाशाही का बंद झाला याचे उत्तर आम्ही या वेळी सबंध तासभर दिले, पणजोबांच्या पगाराच्या गोष्टीसह.

प्रश्न विचारणारा मुलगा शेवटी उठून पुढे आला. त्याने नोट उलटवून भाषांच्या यादीवर बोट ठेवले. यादी भाषांच्या इंग्रजी नावांच्या अकारविल्हे आहे. तिसरी ओळ गुजराती, ती त्याने मोठ्याने वाचली: ‘एक रुपियो’. मग आमच्याकडे पाहून तो खाली मोजू लागला आणि आठव्या ओळीवर थांबला. नाण्याच्या मागील बाजूस तलवारीजवळ जे दोन शब्द होते तेच तेथे होते.